पगाराची तारीख

पेढीवर एखादा महिना मंदीचा गेला, तरी गुमास्त्यांचा पगार ठरल्या तारखेस झालाच पाहिजे, हा दंडक जुन्या व्यापारी घराण्यांनी कटाक्षाने पाळला. घरखर्चाला कात्री लागे. नोकराच्या वेतनाला नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सरकारी शाळांना 2022 साली ही तारीख सांभाळता आली नाही. त्या एका वर्षाची हकिकत हिशेबाशी नाते असणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे.

तेथील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग नव्हे. मतदारांनी निवडलेले मंडळ, मंडळाने नेमलेला अधीक्षक आणि स्वतःचा अर्थसंकल्प असा त्याचा स्वतंत्र कारभार असतो. सॅन फ्रान्सिस्कोत मंडळाचे सदस्य सात आणि विद्यार्थी सुमारे 50 हजार. राज्याचे अनुदान मुलांच्या सरासरी दैनिक उपस्थितीवर ठरत असल्याने पट घसरला की उत्पन्न घसरते. इमारती मात्र तेवढ्याच राहतात. 2021 संपता संपता पुढील वर्षासाठी साडेबारा कोटी डॉलरची तूट समोर उभी होती.

अशा स्थितीत जानेवारी 2022 उजाडला. ओमायक्रॉनच्या लाटेत शेकडो शिक्षक व मदतनीस एकाच वेळी गैरहजर राहिले आणि बदली शिक्षक मिळेनात. अध्यापनाचा परवाना असलेल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांना वर्गांवर धाडण्यात आले. अधीक्षक व्हिन्सेंट मॅथ्यूज हे स्वतः सहावीच्या विज्ञानाच्या वर्गावर उभे राहिले. मालकाने गल्ल्यावर बसावे तसाच हा प्रकार. कौतुकाचा खरा, पण पेढी अडचणीत असल्याची ती जाहीर कबुलीही होती.

त्याच महिन्यात वेतनाची नवी संगणकप्रणाली सुरू झाली. हे काम इन्फोसिसच्या अमेरिकी उपकंपनीकडे होते आणि मूळ करार सुमारे 1 कोटी 37 लाख डॉलरचा. कोणाला पगारच मिळाला नाही, कोणाला अपुरा मिळाला. करकपात चुकली, निवृत्तिनिधीची रक्कम वेतनातून वजा होऊनही खात्यात पोहोचली नाही, काहींचा आरोग्यविमा खंडित झाला. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या महागड्या शहरात, जेथे शिक्षकाच्या पगाराचा मोठा भाग घरभाड्यातच जातो, तेथे एक पगार चुकणे म्हणजे उसनवारीची वेळ. मार्चमध्ये शिक्षकांनी मुख्य कार्यालयातच ठिय्या दिला आणि तेथेच रात्र काढली. त्याच सुमारास, तुटीपायी, संभाव्य नोकरकपातीच्या नोटिसाही निघाल्या. वर्गाला शिक्षक नाही आणि शिक्षकाला नोटीस! विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणारे, गणित-विज्ञानाचे शिक्षक मिळत नव्हते आणि एकूण ताळेबंद मात्र कपात मागत होता, हे त्यामागचे गणित. परंतु नोटीस हाती आलेल्या माणसाला ते कोण समजावणार?

आपल्याकडे बँका संगणकावर गेल्या तेव्हा कित्येक शाखांत जुन्या खतावण्या लगेच मिटल्या नव्हत्या. दोन्हींकडील शिल्लक रोज ताळून पाहिली जाई. रुपयाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत कर्मचारी घरी जात नसत. त्या काळी हे जाचक वाटे. यंत्र चुकते यात नवल नाही. चूक कोणी, किती दिवसांत निस्तरायची, याचा धनी मात्र नेमलेला असावा लागतो.

सॅन फ्रान्सिस्कोत नेमका धनीच बदलत होता. फेब्रुवारीत मतदारांनी सातांपैकी तीन सदस्यांना मुदतीपूर्वीच परत बोलावले. महासाथीत शाळा दीर्घकाळ बंद असताना मंडळ 44 शाळांची नावे बदलण्याच्या वादात गुंतले, हा रोष त्यामागे होता. त्यांच्या जागी महापौरांनी तिघांची नेमणूक केली. उन्हाळ्यात मॅथ्यूज निवृत्त झाले आणि हेवर्डहून मॅट वेन अधीक्षक म्हणून आले. ज्यांच्या अमलात प्रणाली सुरू झाली ते गेले. जे आले त्यांना आधी तक्रारींचा ढीग मोजावा लागला. नोव्हेंबरमध्ये वेन यांनी वेतनाच्या प्रश्नावर आणीबाणी जाहीर केली, तोवर पहिल्या चुकलेल्या पगाराला जवळजवळ दहा महिने होत आले होते.

पुढे त्या प्रणालीवरील खर्च 3 कोटी 40 लाख डॉलरच्या घरात गेला आणि अखेर ती सोडून दुसरी घेण्याचे ठरले. 2023 मध्ये संप टाळण्यासाठी मोठी पगारवाढ मान्य करावी लागली. वेन हेही टिकले नाहीत. शाळा बंद करण्याच्या यादीवरून उठलेल्या वादळात ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी पद सोडले. त्यांच्या जागी आलेल्या मारिया सू या शहराच्या बाल व युवक विभागाच्या प्रमुख होत्या. शहराच्या तिजोरीशी त्यांचा परिचय जुना होता, शाळांचा कारभार मात्र नवा. आणि तूट अद्याप मिटलेली नव्हती.