होय, आमचे तेच तुणतुणे!

परवा आसेगावच्या (जि. वाशिम) विहारात बैठक संपल्यावर कॉलेजच्या एका पोराने आम्हाला मोबाईलवर 'द व्हेल्वेट अंडरग्राउंड' या न्यूयॉर्कच्या रॉक बँडचे गाणे ऐकवले. काळोखे, घुमणारे, एकाच सुरावर अडून बसलेले. शेजारी बसलेले आजोबा वैतागले, "काय एकच रें रें लावून राह्यला बे?" पोरगा म्हणाला, "आजोबा, याले आर्ट म्हणतात."

आमचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

या बँडच्या १९६७ च्या पहिल्या अल्बममध्ये जॉन केल व्हायोलावर एक सूर लांबच लांब धरून ठेवतो आणि लू रीड त्यावर बोलल्यासारखा गातो. त्याआधी केल ज्यांच्यासोबत असे सूर तासन्‌तास धरत असे, त्या ला माँट यंग यांनी १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्यत्व पत्करले. म्हणजे तंबोऱ्याचा सूर 'साधना' आणि व्हायोलाचा सूर 'आर्ट'.

आणि आमच्या तुणतुण्याचा? चामड्याने मढवलेले एक पोकळ भांडे, एक दांडी, एक तार. तोही एकच सूर धरतो आणि शब्दाला उभे राहायला जमीन देतो. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी याच साध्या वाद्यांवर अक्षरशत्रू ठेवलेल्या समाजापर्यंत विचार पोचवला. पण मराठी भाषेत तुणतुण्याच्या वाट्याला आली ती हेटाळणी: "काय तेच ते तुणतुणे लावलेय!"

हा वाक्प्रचार आज कोणाला ऐकवला जातो? जातीबद्दल बोलणाऱ्याला. आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती यांपैकी काहीही काढा, उत्तर ठरलेले. सूर तोच असतो. तो धरणारा हात कोणाचा, हे पाहून कान ठरवतो की ही कला आहे की कटकट. यालाच आम्ही जातीचा कान म्हणतो.

मात्र दोष फक्त त्यांनाच देऊन चालणार नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपला डीजे छाती हादरवतो, पण वामनदादा कर्डकांचा शब्द ऐकू येत नाही. शब्द बुडवणारा आवाज नशा देतो. शब्द पेलणारा सूर भान देतो. जलशाने दुसरा निवडला होता.

म्हणून तरुणांनो, व्हेल्वेट अंडरग्राउंड खुशाल ऐका. जमल्यास गिटारही हाती घ्या. पण गावात तुणतुणे वाजवणारा एखादा म्हातारा उरला असेल, तर आधी त्याच्याजवळ बसा. आणि कोणी म्हणालेच "तेच तुणतुणे", तर सांगा: जात तीच आहे, म्हणून तारही तीच आहे.

जयभीम!