‘झोपू दे त्याला’

मुलुंडसारख्या मध्यमवर्गीय उपनगरात गर्दचा विषय निघाला, की आपण आवाज खाली आणतो. १९८०च्या दशकात ब्राउन शुगर मुंबईच्या गल्ल्यांत शिरली. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले आणि व्यसन सुटू शकते, हे घरोघर पोचले. एक गोष्ट मात्र पोचली नाही. मुलगा उपचार घेऊन घरी परततो, तेच दिवस सर्वांत जोखमीचे असतात.

गर्द सुटली, की शरीराची ती पचवण्याची ताकद उतरते. पाय घसरून जुनीच मात्रा घेतली, तर तो शिल्लक नसलेल्या खात्यावरचा चेक ठरतो. बँकेत असा चेक परत येतो. इथे माणूस परत येत नाही.

अफूवर्गातील द्रव्ये श्वास मंदावतात. हलवूनही जाग न येणे, घशात घरघर, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, निळसर ओठ दिसले, तर ‘झोपू दे त्याला’ म्हणू नये. १०८ला फोन करावा; काय घेतले ते लपवू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, थांबला असेल तर तोंडाने द्यावा. मिठाचे पाणी पाजू नये.

यावर नॅलॉक्सोन हा उतारा आहे. त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून शुद्ध येताच रुग्णाला घरी आणू नये. हे औषध नातेवाइकांच्याही हाती असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सुचवले आहे.

शेजारी काय म्हणतील, याचा विचार सकाळी करता येतो. श्वास सकाळपर्यंत थांबत नाही.