अंगठा घेतला, पावती कुठे आहे?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ भाडेकरूंना नव्या घराच्या चाव्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या माणसांना ५०० चौरस फुटांचे घर मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे आणि त्या आनंदात मिठाचा खडा टाकण्याचा आमचा हेतू नाही. पण सरकारी चाळीत, संक्रमण शिबिरात किंवा सरकारी जमिनीवरच्या झोपडीत राहणारा माणूस पात्र की अपात्र, हे ठरण्याची सुरुवात न्यायालयात होत नाही. ती होते त्याच्या दारात उभ्या राहिलेल्या सर्व्हेवाल्याच्या एका नोंदीपासून. त्या नोंदीचे पुढे काय होते, ती कोणाकडे जाते आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याला ती पाहायला मिळते का, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

सरकारी घरमालक आमच्या समाजाला नवा नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने बी.आय.टी. चाळी बांधल्या. खुद्द बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी उभ्या केल्या. एका चाळीत ८० खोल्या. गिरणी कामगार, सफाई कामगार, कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली माणसे तिथे राहिली. मालक कायम सरकार. त्या काळी मालकाकडे भाडेकरूची माहिती किती होती? नाव, खोली क्रमांक आणि भाड्याची थकबाकी. आज तोच मालक अंगठ्याचे ठसे, फोटो, आधार क्रमांक, कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव, लाईट बिल, रेशनकार्ड आणि वारसांचा तपशील मागतो.

२०१६ मध्ये या चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे आले, एप्रिल २०१७ मध्ये वरळीच्या जांबोरी मैदानात भूमिपूजन झाले आणि त्यानंतर बायोमेट्रिक सर्वेक्षण सुरू झाले. रहिवाशांनी तेव्हा 'आधी करारनामा, मग सर्व्हे' अशी मागणी केली. त्या वेळी अनेक सुशिक्षित मंडळींनी त्यांना विकासविरोधी ठरवले. आम्हाला विचाराल तर त्या मागणीत कायद्याची समज अनेक वकिलांपेक्षा जास्त होती. भाडेकरू सरळ हिशेब मांडत होता. मी माझी सगळी माहिती तुला आज देतो, तू मला काय देणार ते आजच लिहून दे. यात गैर काय?

जनगणना आणि हा सर्व्हे यांतला फरक इथे समजून घेतला पाहिजे, कारण लोक दोन्ही एकच समजतात आणि अधिकारीही तसा समज होऊ देतात. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ प्रमाणे जनगणनेची नोंदवही कोणाला पाहता येत नाही आणि तिच्यातली नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणजे जनगणनेला दिलेली माहिती उद्या तुमच्याविरुद्ध उभी राहू शकत नाही. घरमालकाच्या सर्व्हेत नेमके उलटे आहे. तिथे दिलेली माहिती हाच पुरावा, माहिती घेणारा हाच प्रतिपक्ष आणि पात्र-अपात्र ठरवणाराही त्याच सरकारचा अधिकारी.

म्हणूनच जातीच्या रकान्याबाबत आमची भूमिका काहींना विसंगत वाटते ती तशी नाही. जनगणनेत जात मोजली पाहिजे अशी मागणी आम्ही वर्षानुवर्षे केली आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारला ती मान्य करावी लागली. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातीच्या आरक्षणातून अर्ज केला तर जातीचा दाखला द्यावाच लागेल, त्याबद्दलही तक्रार नाही. पण चाळीतल्या भाडेकरूचा हक्क भाडेपावतीतून येतो. तो बौद्ध आहे, चर्मकार आहे की मराठा, याने त्याच्या खोलीचे क्षेत्रफळ बदलत नाही. तेव्हा अशा सर्व्हेत कोणी धर्म आणि जात विचारली, तर 'कशासाठी?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली तेव्हा कोणती चाळ कोणाची हे शोधायला यादी लागली नव्हती, ते सगळ्यांना माहीतच होते. आता चाळीस मजल्यांच्या टॉवरमध्ये माणसे मिसळत आहेत. तिथे मजला, घर क्रमांक आणि जात एका ओळीत असलेली यादी कोणाच्या तरी संगणकात पडून राहावी, याला आमचा विरोध आहे.

आमच्या वकिलीतला एक अनुभव सांगतो. एका सरकारी वसाहतीतील विधवा बाई आमच्याकडे आल्या. पहाटे साडेपाचला साफसफाईच्या कामाला बाहेर पडायचे आणि दुपारी तीनला परतायचे, हा त्यांचा वीस वर्षांचा क्रम. सर्व्हे झाला सकाळी अकराला. पुढे यादी लागली तेव्हा त्यांच्या नावापुढे 'अनिर्णित' असा शेरा होता. सगळ्या भाडेपावत्या त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. आम्ही माहिती अधिकारात त्यांच्याच सर्व्हे फॉर्मची प्रत मागितली. उत्तर आले की ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. कोणाची वैयक्तिक माहिती? अर्जदार बाईंचीच! अपील केले, सुनावणी झाली, शेवटी झेरॉक्स हाती पडली. त्यावर लिहिले होते, 'खोली बंद. शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार कोणी राहत नाही.' कोणत्या शेजाऱ्याने सांगितले, त्याचे नाव नाही, सही नाही. एवढ्या एका वाक्यावर एका कष्टकरी बाईचे घर टांगणीला लागले होते. ती झेरॉक्स मिळाली म्हणून खुलासा देता आला आणि शेरा बदलला. मिळाली नसती तर कशाचा खुलासा करायचा हेच आम्हाला कळले नसते.

हे प्रकरण कायदा बदलण्याआधीचे. त्या अपिलात आमचा सगळा भर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मधील शब्दांवर होता. ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जी उघड केल्याने खासगीपणावर अवाजवी आक्रमण होईल, तीच नाकारता येत होती. अर्जदाराला त्याचीच माहिती दिल्याने त्याच्याच खासगीपणावर आक्रमण कसे होणार, असा आमचा साधा सवाल होता. आता ते शब्दच राहिलेले नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने ते काढून टाकले आणि 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढेच मोघम कारण ठेवले. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे परंतुकही गेले.

तारखांचा खेळ पाहण्यासारखा आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती अधिकाराला कात्री लावणारे कलम त्याच वेळी लागू झाले. पण नागरिकाला संरक्षण देणारी बहुतेक कलमे, म्हणजे माहिती घेण्याआधी नोटीस द्यावी, संमती घ्यावी, माहिती सुरक्षित ठेवावी ही, अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू व्हावीत अशी तजवीज केली गेली. घरमालकाच्या हाती ढाल लगेच आली आणि भाडेकरूला दीड वर्षाची मुदत दाखवण्यात आली!

बरे, ती कलमे लागू झाल्यावर तरी काय? कायदा बारकाईने वाचा. आपली माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क कलम ११ आणि १२ मध्ये आहे, पण तो संमती देऊन दिलेल्या माहितीपुरता. कलम ७(ब) प्रमाणे शासन अनुदान, लाभ, सेवा किंवा दाखला देण्यासाठी नव्याने संमती न घेताही माहिती वापरू शकते. पुनर्वसनाचे घर हा 'लाभ' आहे, तेव्हा आम्हाला संमतीची गरज नाही आणि तुम्हाला प्रत मागण्याचा हक्क नाही, असा युक्तिवाद उद्या सरकारी वकील करणार, हे आम्ही आजच सांगून ठेवतो. त्याला आमचे उत्तर असे की भाडेकरूचे पुनर्वसन हे दान नाही, तो त्याच्या भाडेहक्काचा मोबदला आहे. शिवाय काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे बंधन खासगी कंपनीवर आहे. शासनाला कलम १७(४) ने त्यातून मोकळे केले आहे. अंगठा एकदा दिला की तो सरकारदरबारी कायमचा. माहिती फुटली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती ऐकून लोक खूष होतात. पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला एक रुपया मिळत नाही. उलट खोटी तक्रार केली म्हणून नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

सरकारी मालक हल्ली स्वतः दारात येतही नाही. धारावीत १८ मार्च २०२४ रोजी कमला रमण नगरपासून घरोघर सर्व्हे सुरू झाला. धारावी ही सरकारी चाळ नव्हे, पण तिथली बहुतांश जमीन सार्वजनिक मालकीची आहे आणि प्रकल्प राबवणाऱ्या कंपनीत अदानी समूहाचा ८० टक्के, तर शासनाचा २० टक्के हिस्सा आहे. तिथे पात्र-अपात्र ठरण्यावर धारावीतच राहायचे की धारावी सोडायची, हे ठरते. माणूस विचारतो, माझी कागदपत्रे नक्की कोणाकडे गेली? शासनाकडे की कंपनीकडे? अशा प्रत्येक ठिकाणी एकमेकांकडे बोट दाखवले जाते. नव्या कायद्याच्या कलम ८(१) ने निदान एवढे तरी स्पष्ट केले आहे की कंत्राटदाराने काहीही केले तरी जबाबदारी माहिती घेणाऱ्या मूळ संस्थेचीच राहील. हे कलम आमच्या कामाचे आहे.

आणि कायद्याची कलमे झोपलेली असली तरी राज्यघटना झोपलेली नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा कलम २१ खालचा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. शासनाला त्यात हात घालायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि घेतलेली माहिती त्या हेतूपुरतीच हवी. हा हक्क नव्या कायद्याच्या तारखेची वाट पाहत नाही.

सर्व्हेलाच विरोध करा असे आम्ही म्हणत नाही. तसे सांगणारे पुढारी नंतर गायब होतात आणि अपात्र ठरतो तो गरीब भाडेकरू. सर्व्हेने गरिबाला तारल्याचे उदाहरणही मुंबईतच आहे. १९७६ मध्ये शासनाने झोपड्यांची गणना केली, झोपड्यांना क्रमांक दिले, लोकांच्या हाती ओळखपत्रे दिली. त्यालाच आपली माणसे फोटोपास म्हणत. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा झोपडी हटवण्याआधी म्हणणे ऐकून घ्या असे सांगितले आणि ज्या झोपडीवासीयांकडे १९७६ ची ओळखपत्रे आहेत त्यांना पर्यायी जागा दिलीच पाहिजे, असा आदेश दिला. त्या सर्व्हेने लोकांच्या हातात कागद ठेवला होता आणि नऊ वर्षांनी तो न्यायालयात चालला. आज टॅबवर अंगठा उमटतो, फोटो निघतो, सर्व्हेवाला पुढच्या दारी जातो आणि भाडेकरूच्या हातात काही राहिले नसेल तर तो न्यायालयात दाखवणार काय?

तेव्हा सर्व्हेवाला आला की त्याचे ओळखपत्र पाहा. तो कोणाच्या आदेशाने आला त्या पत्राचा क्रमांक लिहून घ्या. माहिती कशासाठी हवी ते मराठीत लेखी मागा. आधारच्या झेरॉक्सवर 'फक्त अमुक सर्व्हेसाठी' असे लिहून तारीख घाला. भरलेल्या फॉर्मचा स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढा, पुरा वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. घर बंद असताना सर्व्हे झाला असेल तर त्याच आठवड्यात कामाच्या वेळेसह लेखी अर्ज देऊन पोच घ्या. माहिती अधिकारात प्रत नाकारली तर अपिलात कलम ८(२) दाखवा. व्यापक जनहितासाठी माहिती देता येते, हे कलम अजून शाबूत आहे.

चाळ समित्यांनी मात्र व्यक्तीव्यक्तीने न लढता एकच निवेदन द्यावे. प्रत्येक भाडेकरूला फॉर्मची सही-शिक्क्याची प्रत, शेरा मारण्याआधी म्हणणे मांडण्याची संधी, सर्व्हे करणाऱ्या कंपनीशी झालेल्या कराराची प्रत आणि अंगठ्याचे ठसे कुठे व किती काळ ठेवणार याचे लेखी उत्तर, एवढ्या मागण्या त्यात असाव्यात. अशा निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. ज्या समित्यांना हवा असेल त्यांनी तो या दैनिकाच्या कार्यालयातून घेऊन जावा. येताना आपल्या वसाहतीत झालेल्या सर्व्हेचा एखादा कोरा फॉर्म असेल तर सोबत आणावा, म्हणजे त्यातले कोणते रकाने अनावश्यक आहेत ते निवेदनात नेमके लिहिता येईल.