जवान सीमेवर, सातबारा घरी : शिरूर-दौंडकरांना जाहीर आवाहन

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, सोसायट्यांचे संचालक, महसूल कर्मचारी आणि समस्त ग्रामस्थ यांस,

झेंडावंदनाला जवानाच्या आईवडिलांना पुढच्या खुर्चीवर बसवायचे, तो सुट्टीवर आला की शाल-नारळ द्यायचा, निवृत्त झाला की उघड्या जीपमधून मिरवणूक काढायची, हे आपल्याकडे मनापासून होते आणि होत राहावे. पण तो नोकरीत असतो त्या सगळ्या वर्षांत त्याचे घर, शेत आणि म्हातारी माणसे त्याची बायको सांभाळते, आणि तिचे एकही काम शाल-नारळाने हलत नाही. माझे मागणे एवढेच आहे की, नवरा फौजेच्या हुकमाने बाहेर असेल तर गावच्या कारभारात त्याच्या पत्नीचा शब्द आणि सही धरली जावी. कायद्यात त्यासाठी जेवढी वाट आहे, तेवढी तरी आपण वापरावी.

सैन्यातल्या जवानाला वर्षाला साधारण ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. ती कधी मिळणार हे युनिट ठरवते, आणि फील्ड पोस्टिंगला बायकापोरांना सोबत नेता येत नाही. मग कुटुंब गावी राहते, नाहीतर मुलांच्या शाळेसाठी घोडनदीत किंवा दौंडला खोली घेते. शेतीची कामे मात्र कोणाच्या रजेसाठी थांबत नाहीत. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. पीककर्ज ३१ मार्चच्या आत नवं-जुनं करावे लागते. उसाची नोंद नवऱ्याच्या नावावर असते, पण मुकादमाच्या मागे लागून तोड आणायची तिने, आणि टोळीची खुशाली, ट्रॅक्टरवाल्याची एंट्री यांची घासाघीसही तिनेच करायची. शेतीची वीज रात्री आली की मोटार चालू करायला तीच जाते. घोडकाठच्या उसात अंधारात शिरणे म्हणजे काय, हे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याने घेतलेल्या बळींनंतर शिरूरकरांना कोणी सांगायला नको. त्यात भाऊबंदकी. माणूस गावात नाही म्हटल्यावर दर नांगरटीला बांध एकेक तास आत सरकतो. ही बाई तक्रार घेऊन गेली की ठरलेले उत्तर मिळते, ‘मालक येऊ द्यात, मग बघू.’ मालक येतो तेव्हा पेरणी झालेली असते आणि मोजणीची तारीख पुढे गेलेली असते.

यावर पहिला आक्षेप कर्मचाऱ्यांचा असतो, आणि तो रास्त आहे. खातेदार तो, सही त्याचीच लागणार, आम्ही नियम मोडायचा का? मोडू नका. नियमातच सोय आहे. रजा मिळत नसेल तर दाव्यात आपल्या वतीने उभे राहण्याचा अधिकार जवान दुसऱ्याला देऊ शकतो, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा २८ वा आदेश सांगतो. त्यासाठी कमांडिंग ऑफिसरसमोर सही केलेले पत्र पुरते. सैनिकांच्या खटल्यांसाठी १९२५ चा स्वतंत्र कायदा आहे. जिल्ह्यात राहणारा किंवा मालमत्ता असलेला जवान सुनावणीला येऊ शकत नाही, असे जिल्हाधिकारी न्यायालयाला कळवू शकतात, आणि ही तरतूद महसुली न्यायालयांनाही लागू आहे. शंभर वर्षांचा कायदा, पण तो सांगायला चावडीवर कोणी भेटत नाही! रोजच्या कामांसाठी साधे मुखत्यारपत्र चालते. ते सुट्टीतल्या पहिल्या आठवड्यात करून घ्या, असे जवानाला कोणीतरी सांगायला हवे एवढेच.

दुसरा आक्षेप पारावरचा. फौजीला पगार आहे, कँटीन आहे, पुढे पेन्शन आहे; ट्रकवाल्याची बायकोही एकटीच असते, मग हिचे कौतुक कशाला? पगाराचे म्हणणे खरे आहे, पण पगार हरकतीच्या तारखेला हजर राहत नाही. ट्रकवाला अडचणीला दोन दिवसांत घरी पोचू शकतो. जवानाला रजा मंजूर झाल्याशिवाय निघता येत नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे ५ आणि ७ क्रमांकाचे गट आहेत. बंदोबस्त लागला की त्या जवानांच्या घरीही हीच ओढाताण होते. आणि एकट्या बाईचे ऐकून घ्यायची सवय चावडीला एकदा लागली, तर ती ट्रकवाल्याच्या बायकोच्याही उपयोगी पडेल.

तिसरी हरकत उघड कोणी घेत नाही, पण खरी अडचण तीच आहे. सुनेच्या हाती कागद गेले तर जमीन घराबाहेर जाईल, ही घरातल्यांची धास्ती. मुखत्यारपत्र ठरावीक कामापुरते करता येते आणि रद्दही करता येते. राज्य सरकारच्या १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेत नवरा स्वखुशीने अर्ज करून आपल्या जमिनीला पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. भावांच्या हिश्शाला त्याने धक्का लागत नाही. ज्या घरात सगळी शेती तिच्या अंगावर आहे, तिथे सातबाऱ्यावर तिचे नाव का नको, याचे पटेल असे उत्तर मला तरी मिळालेले नाही. हा अर्ज जवानालाच करायचा आहे, म्हणून हे आवाहन जवानांनाही आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय घ्यावा. गावातल्या नोकरीवरच्या जवानांची यादी करावी. एका कागदावर मावेल एवढीच ती असते. प्रत्येक नावापुढे गावी राहणाऱ्या पत्नीचे नाव आणि तिचे अडलेले काम लिहावे. फेरफार, मोजणी किंवा बांधाची तक्रार असेल तर ग्रामपंचायतीने स्वतः तहसीलदारांकडे आणि पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवावी. त्यासाठी त्या बाईला शिरूरहून पुण्याला हेलपाटे घालायला लावू नयेत. सोसायटीने नवं-जुनं करायच्या तारखेची आठवण दोन महिने आधी जवानाच्या फोनवर द्यावी. आणि रात्रीच्या पाण्याची पाळी लावताना शेजाऱ्यांनी आपल्याबरोबर तिचीही मोटार चालू करावी.