फोटोत एक, बॉक्समध्ये दुसरंच! ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करण्याबद्दल कायदा नेमकं काय सांगतो?

डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेत्री सोनाक्षी सिन्हाने अ‍ॅमेझॉनवरून १८ हजार रुपयांचे बोस कंपनीचे हेडफोन मागवले. बॉक्स सीलबंद होता. उघडला तर आत गंजलेल्या लोखंडाचा तुकडा. तिने फोटो ट्विटरवर टाकले, बातम्या झाल्या, कंपनीने माफी मागितली.

आता समजा, ऐरोलीतल्या एका ग्राहकाने 'प्युअर कॉटन' म्हणून १,२०० रुपयांचा कुर्ता घेतला आणि तो पॉलिएस्टरचा निघाला. ट्विट केलं तर बघणारे चाळीस जण. अ‍ॅपवरचं रिटर्नचं बटण सात दिवसांनी गायब. कस्टमर केअरचं एकच उत्तर: 'पॉलिसीनुसार शक्य नाही.' बहुतेक जण इथेच नाद सोडतात. पण कंपनीची पॉलिसी म्हणजे कायदा नाही, आणि या दोन्हींतला फरक माहीत असेल तर पैसे परत मिळू शकतात.

'आवडलं नाही' आणि 'सांगितलं तसं नाही' यात फरक काय?

ब्रिटन आणि युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली बहुतेक सामान्य वस्तू हातात आल्यापासून १४ दिवसांत काहीही कारण न देता परत करता येते. भारतात असा कायदा नाही. रंग मनाला पटला नाही, स्वस्त पर्याय सापडला, विचार बदलला, अशा वेळी वस्तू परत घ्यायची की नाही हे कंपनीच्या पॉलिसीवर असतं. ७ किंवा १० दिवसांची रिटर्न मुदत ही कंपनीने दिलेली सवलत आहे.

वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर मात्र चित्र पालटतं. वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, हे तत्त्व १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम १५ मध्येच आहे. ऑनलाइन खरेदीत ग्राहक वस्तू हातात घेऊन पाहत नाही. तो फोटो आणि मजकूर पाहूनच पैसे देतो. त्यामुळे हे जुनं कलम इथे जास्तच महत्त्वाचं ठरतं.

२०२० च्या नियमांत काय आहे?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्स नियम लागू केले. त्यातला नियम ६ विक्रेत्यांसाठी आहे. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं तिच्यात नसतील, किंवा ती सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आली असेल, तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. उशिराच्या बाबतीत अपवाद फक्त नैसर्गिक आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणांचा.

या नियमात सात दिवसांची अट नाही. 'फक्त रिप्लेसमेंट मिळेल' ही अटही नाही. म्हणजे अ‍ॅपवरचं बटण बंद झालं, तरी हक्क संपत नाही. अर्थात, चार महिने वापरून झाल्यावर 'कापड वेगळं होतं' म्हटलं तर ते सिद्ध करणं अवघड जाणार. म्हणून तक्रार जितकी लवकर, तितकी मजबूत.

'आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत' असं उत्तर आलं तर?

हे उत्तर हमखास येतं. वस्तू विकणारा वेगळा, आम्ही फक्त दुकानाची जागा दिली, असा युक्तिवाद असतो. पण नियम ५ नुसार वस्तूचं वर्णन आणि फोटो प्रत्यक्ष वस्तूशी जुळतात, अशी हमी विक्रेत्यांकडून घेणं प्लॅटफॉर्मला बंधनकारक आहे. विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि संपर्क क्रमांकही ग्राहकाला दिसला पाहिजे.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच मुद्द्यावर बोट ठेवलं. बंधनकारक मानकं न पाळणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी १ लाख रुपयांचा दंड झाला. अ‍ॅमेझॉनवरून असे २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून ५९८ कुकर गेले होते. ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, असा आदेश होता. प्रत्येक विक्रीतून कमाई होत असेल तर अडचण आल्यावर हात झटकता येणार नाहीत, ही प्राधिकरणाची भूमिका होती. कंपन्यांनी आदेशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

पैशांऐवजी कूपन दिलं तर?

ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने ओला कॅब कंपनीला सांगितलं की रिफंड बँक खात्यात हवा की कूपन हवं, हे ग्राहकाने ठरवायचं. प्रकरण कॅबचं होतं, पण वॉलेटमध्ये पैसे टाकून विषय संपवणाऱ्यांना हा दाखला देता येतो.

इन्स्टाग्राम आणि ओएलएक्सचं काय?

इन्स्टाग्रामवर नियमितपणे साड्या, दागिने विकणारं पेजही ई-कॉमर्स नियमांच्या कक्षेत येऊ शकतं. 'नो रिटर्न, नो एक्स्चेंज' असं बायोमध्ये लिहिलं म्हणून चुकीच्या वर्णनाची जबाबदारी टळत नाही. अडचण वेगळीच असते: पेजमागे कोण आहे, याचा पत्ता नसतो. त्यामुळे पैसे पाठवण्याआधी पत्ता आणि बिल मागणं हाच खरा उपाय.

घरातला जुना फ्रिज एखाद्याने ओएलएक्सवर विकला, तर ते व्यक्ती-व्यक्तींमधलं व्यवहाराचं प्रकरण. तिथे ग्राहक आयोग उपयोगी पडत नाही. ठरवून फसवलं असेल तर पोलीस, आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३०.

तक्रार पायरीपायरीने कशी करायची?

१. पुरावा आधी. वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच घ्या, कारण नंतर वर्णन बदलू शकतं. बिल, लेबल आणि बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. व्हिडिओ कायद्याने सक्तीचा नाही, पण वाद झाल्यावर तोच कामी येतो. वापरलेली वस्तू किंवा दुसरीच वस्तू परत पाठवणारे ग्राहकही असतात. त्यामुळे विक्रेत्याचा संशय दरवेळी खोटा नसतो.

२. कारण नीट निवडा. अ‍ॅपवर घाईत 'आता नको आहे' निवडलं तर तुमचीच बाजू कमकुवत होते. 'वर्णनाप्रमाणे नाही' हेच निवडा.

३. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं कंपनीला बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते.

४. १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती निकाल देत नाही, पण कंपनीकडे पाठपुरावा करते.

५. तरीही काही झालं नाही, तर ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते.

नवी मुंबईकरांनी कुठे जायचं?

कंपनीचं ऑफिस बेंगळुरूत असलं तरी तिकडे जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथेच तक्रार करण्याची सोय दिली आहे. पण नवी मुंबईत एक घोळ होतो. वाशी, नेरुळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात आणि त्यांच्यासाठी ठाण्याचा अतिरिक्त जिल्हा आयोग बेलापूरला कोकण भवनात आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात. त्यांचा आयोग अलिबागला. म्हणजे खारघरच्या माणसाला बेलापूर पाच-दहा मिनिटांवर असलं, तरी नुसत्या घराच्या पत्त्यावर त्याची तक्रार अलिबागला जाते. तो नोकरी बेलापूर किंवा वाशीत करत असेल, तर कामाच्या ठिकाणाच्या आधारे बेलापूरला दाखल करता येते.

आणि एक सावधगिरी

रिफंड अडकला की लोक गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि तिथेच खोट्या नंबरांचा सापळा असतो. नंबर फक्त कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्या. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. 'रिफंडसाठी क्यूआर कोड स्कॅन करा' असं कोणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

१,२०० रुपयांसाठी एवढी खटपट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण यातल्या पहिल्या चार पायऱ्यांना पैसे लागत नाहीत, फार तर तासभर जातो. चुकीचं वर्णन लिहून विकणाऱ्याचा सगळा हिशेबच मुळी यावर असतो की ग्राहक हा तासभर देणार नाही.