‘ठाऊक नव्हतें’ ही सबब

रात्रीच्या जेवणाला आमच्या घरीं वर्तमानपत्रांतील कोर्टाच्या हकीकती तोंडीं लावायला असतात. मागल्या पंधरवड्यांत दारूच्या धुंदींत मोटार हांकून माणसें मारल्याची एक बातमी निघाली, तेव्हां आमचे वडील बंधु दादा म्हणाले, “पोरगा चुकला खरा, पण त्यानें मुद्दाम का मारलें? अपघात तो अपघात!” त्यावर आमच्या सूनबाईंनीं हळूच विचारलें, “पण काका, दारू कांहीं तो अपघातानें प्याला नव्हता ना?” पंगतींत क्षणभर कोणीच बोललें नाहीं.

सूनबाईंचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे, आणि तें प्रकरण मुंबईचेंच असल्यामुळें वाचकांपुढें थोडें विस्तारानें मांडावेंसें वाटतें.

१२ नोव्हेंबर २००६ ची पहाट. वांद्र्याच्या कार्टर रोडवर रस्तादुरुस्तीचें काम चाललें होतें आणि त्या कामावरचे मजूर तेथेंच पदपथावर निजले होते. दिवसभर ज्यांनीं रस्ता नीट करावा, त्यांस रात्रीं पाठ टेकावयास त्याच रस्त्याची कड! चारच्या सुमारास एक भरधांव मोटार पदपथावर चढली. सात मजूर मेले, आठ जखमी झाले. मोटार चालविणारा एक तरुण होता व गाडींत त्याची मित्रमंडळी होती. त्याच्या रक्तांत मद्याचें प्रमाण ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलीटर रक्तांत ११२ मिलिग्रॅम, असें तपासणींत आढळलें. कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. हें प्रमाण तिच्या पावणेचार पट झालें.

आतां पुढील कोर्टकचेरी समजण्यास दोन कलमांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. त्या वेळच्या भारतीय दंडसंहितेचें कलम ३०४-अ हें हयगयीनें किंवा अविचारानें घडलेल्या मृत्यूसाठीं होतें. त्याची शिक्षा फार तर दोन वर्षें. कलम ३०४ चा दुसरा भाग मात्र निराळा. मारण्याचा हेतु नसेना का, पण आपल्या कृत्यानें मृत्यु ओढवण्याचा संभव आहे हें कर्त्यास ठाऊक असेल, तर तो सदोष मनुष्यवध, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. (१ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, तींत या कलमांचे आंकडे बदलले आहेत.) सारें भांडण काय तें ‘ठाऊक असणें’ या दोन शब्दांचें.

सत्र न्यायालयानें १३ एप्रिल २००७ रोजीं हलकें कलम धरलें : सहा महिन्यांची साधी कैद व पांच लक्ष रुपये दंड. मृत माणशीं हिशेब केला तर एक महिनाहि भरत नाहीं! मुंबईच्या उच्च न्यायालयानें या निकालाची स्वतःहून दखल घेतली; सरकारनें अपील केलें, आणि आरोपीनेंहि केलें. त्याच वर्षीं ६ सप्टेंबरला उच्च न्यायालयानें ३०४ चा दुसरा भाग लावून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. तिच्याविरुद्ध तो तरुण सर्वोच्च न्यायालयांत गेला.

तेथें त्याच्या वकिलांनीं मोठ्या हुशारीनें मुद्दे काढले. एकाच कृत्याबद्दल ‘हयगय’ आणि ‘जाणूनबुजून’ असे दोन आरोप एकदम ठेवतां येतीलच कसे? शिवाय आरोपपत्रांत मद्याचा उल्लेखच नव्हता, मग त्यानें बचाव तरी कशाचा करावयाचा? हे मुद्दे पोरकट नव्हेत. आरोपीस आपल्यावर काय ठपका आहे हें नीट कळलें पाहिजे, हें न्यायाचें पहिलें पथ्य आहे. परंतु १२ जानेवारी २०१२ रोजीं न्यायमूर्ती लोढा व न्यायमूर्ती खेहर यांनीं ते फेटाळले. दोन्ही आरोप एकत्र ठेवतां येतात, आणि त्या उणिवेनें आरोपीच्या बचावास कांहीं बाध आलेला नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. मुख्य मुद्यावर त्यांचें म्हणणें असें कीं, हें कृत्य जिवावर बेतण्याइतकें धोक्याचें आहे हें जें कोणाहि समंजस माणसास कळावें, तें ज्ञान कर्त्यास होतें असें धरतां येतें.

मद्य प्याल्यावर भान राहत नाहीं, मग ज्ञान कोठलें, अशी शंका दादांनींहि काढली. जुन्या दंडसंहितेच्या ८६ व्या कलमानें तिचें उत्तर १८६० सालींच देऊन ठेविलें होतें. आपखुषीनें प्यालेल्या माणसास, तो शुद्धीवर असतां त्यास जें ज्ञान असतें, तेंच नशेंतहि होतें असें धरून वागवावें. कोणी फसवून किंवा बळजबरीनें पाजली असेल तर गोष्ट वेगळी. सूनबाईंनीं कायद्याचें पुस्तक उघडलेलें नाहीं, पण त्यांच्या प्रश्नांत हें सबंध कलम होतें.

त्याच वर्षीं, ३ ऑगस्टला, दिल्लीच्या एका प्रकरणांतहि याच न्यायालयानें हेंच कलम लावलें. १९९९ च्या जानेवारींत तेथें मोटारीखालीं सहा माणसें मेलीं होतीं, त्यांत तीन पोलीस. तेथें मात्र भोगलेली कैद पुरेशी मानून ५० लक्ष रुपये व दोन वर्षांची समाजसेवा सांगितली गेली. ही समाजसेवा आमच्या कांहीं गळीं उतरत नाहीं.

मुंबईच्या निकालाचा शेवट मात्र दादांस सर्वांत खटकला. शिक्षा कमी व्हावी म्हणून जो वर गेला, त्यालाच न्यायमूर्तींनीं ऐकविलें कीं, तीन वर्षें ही शिक्षा फारच तोकडी आहे. परंतु ती वाढवून मागणारें अपील सरकारनें आमच्यापुढें केलें नाहीं, म्हणून आम्ही तिला हात लावीत नाहीं. दादा म्हणाले, “सरकारनें नाहीं तर नाहीं, मेलेल्यांच्या घरच्यांनीं करावयाचें होतें.”

तें त्यांस करतां आलें नसतें. २००९ च्या अखेरीस पीडितांना अपिलाचा हक्क मिळाला तो आरोपी सुटला, त्यास हलकें कलम लावलें, किंवा भरपाई अपुरी दिली, एवढ्यापुरताच. शिक्षा थोडी झाली म्हणून अपील करण्याचा अधिकार कायद्यानें सरकारपाशींच ठेविला आहे.