पांढऱ्या जोडीला काळे कोकरू का होते? मेंढा घेताना रंगाचाही विचार हवा

लोकरीला भाव नाही ही तक्रार आता जुनी झाली. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तीही वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलोच्या आसपास. कातरणीची मजुरीही त्यातून सुटत नाही. म्हणून सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवडकडे मेंढी पाळायची ती मटणासाठी आणि शेतात बसवून खतासाठी. मेंढा घेताना वजन पाहतात, रंग कोणी पाहत नाही.

पण या लोकरीला हक्काचे एक गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे घोंगडी. काळ्या लोकरीला रंग द्यावा लागत नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीचे जावळ तर आणखी मऊ. सणगरांच्या मागाला अशी लोकर लागते. २०१७ साली सुरू झालेल्या महामेष योजनेत २० मेंढ्या व १ मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद झाली. अशा योजनेतून किंवा बाजारातून बाहेरचा पांढरा मेंढा वाड्यावर आला, तर पुढच्या पिढ्यांत काळा रंग राहील का? हा प्रश्न आधी विचारायला हवा.

रंग कसा उतरतो?

कोकराला रंगाचे एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून मिळते. एका प्रकारात पांढरा रंग जोरकस, काळा दबून राहणारा. जोडीत एक जनुक पांढऱ्याचे असले तरी मेंढी पांढरीच दिसते, काळे पोटात लपून राहते. अशी दोन पांढरी जनावरे एकत्र आली की सरासरी चारांत एक कोकरू काळे निघते. तेव्हा मेंढी दुसऱ्याच्या कळपात गेली असे म्हणून तिला दोष देऊ नका. या काळ्याला मेंढ्याचाही तेवढाच हातभार असतो.

ऑस्ट्रेलियाची लोकर पुढे रंगवली जाते, म्हणून तिथे पांढऱ्यात काळा केस म्हणजे नुकसान. पिढ्यान्‌पिढ्या काळी कोकरे काढून टाकूनही तिथल्या मेरिनोत ती अधूनमधून निघतातच. पांढऱ्या रंगामागे एका जनुकाची जादा प्रत आहे, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले.

दुसऱ्या प्रकारात काळाच जोरकस असतो. त्याचे जनुक वेगळे. ते एक आले तरी कोकरू काळे होते आणि पांढरे झाकले जाते. अशा काळ्या जोडीला पांढरे कोकरूही होऊ शकते.

आपल्या वाड्यावर कोणता प्रकार?

यासाठी प्रयोगशाळा नको, वही पुरे. दोन पांढऱ्यांना काळे झाले तर तिथे दबून राहणारा काळा आहे. दोन काळ्यांना पांढरे झाले तर जोरकस काळा आहे. एकाच कळपात दोन्हीही असू शकतात. मात्र बाप नक्की माहीत हवा. फळण्याच्या दिवसांत एका गटात एकच मेंढा सोडा. आई, बाप आणि जन्मतःचा रंग टिपून ठेवा. पुढे उन्हाने लोकर भुरकट होते, वयाने करडीही पडते, तेव्हा नंतर पाहून लिहू नका.

दबलेला काळा असलेल्या मेंढ्यांवर शुद्ध पांढरा मेंढा सोडला तर पहिल्या पिढीत सगळी कोकरे पांढरी होतील. काळा रंग संपला असे वाटेल, पण तो पोटात आहे. त्या पांढऱ्या मेंढ्यांना तसाच काळा मेंढा दिला की सरासरी निम्मी कोकरे काळी मिळतील. उलट दर पिढीला पांढराच मेंढा देत गेलात तर लपलेला काळाही दरवेळी निम्म्याने कमी होतो आणि शेवटी खरोखरच जातो.

रंगावर वजन ठरत नाही. म्हणून मेंढा घेताना आधी वजन, पाय, वृषण आणि त्याच्या आईचे दूध पाहा. यात दोन मेंढे सारखे उतरले तरच रंगावर निवड करा. ग्रामपंचायत अधिकारी व पशुधन विकास अधिकाऱ्यांनीही मेंढ्यांची मागणी वर पाठवताना मेंढपाळाला कोणता रंग हवा ते अर्जात नोंदवावे. काळी लोकर विकणाऱ्यांनी दोन काळे मेंढे तरी वाड्यावर राखावेत आणि येत्या वेतापासूनच वही घालावी.